एक ते चार

मीरा, तू पाठवलेला फोटो मी मोठा करून पाहिला. विद्यापीठाच्या पायऱ्यांवर तुम्ही मुलं थंडीत बसली आहात, तुझ्या हातात पुठ्ठ्याची पाटी आहे आणि पाटीवर जगातल्या अतिश्रीमंत लोकांविषयी दोन तिखट ओळी आहेत. खाली तू विचारलं आहेस, आजी, पुण्यात असं काही करणारी माणसं आहेत का, की सगळे नुसते कंपन्यांत नोकऱ्या करतात?

आहेत. एक तर आपल्याच इमारतीत तळमजल्यावर राहत होत्या आणि तू आणि ओम, तुम्ही दोघांनी त्यांचा ओरडा खाल्लेला आहे. लहान असताना तुम्ही सुट्टीत वारज्याला आला होतात, तेव्हा भर दुपारी त्यांच्या दाराची बेल वाजवून पळाला होतात. ओमची एक चप्पल तिथेच राहिली. ती चप्पल घेऊन त्या वर आल्या, पण लगेच नाही. चार वाजता आल्या. चप्पल माझ्या हातात दिली आणि म्हणाल्या, "याला वाचता येत नसेल तर शिकवा. येत असेल तर जास्तच शिकवा."

वाचायचं होतं ते त्यांच्या बेलखाली लिहिलेलं होतं. काळ्या पाटीवर पांढऱ्या रंगात, वळणदार अक्षरात: "दुपारी १ ते ४ बेल वाजवू नये." आणि त्याखाली, थोड्या बारीक अक्षरात: "आग लागल्यास अग्निशामक दलास कळवावे. मला विझवता येत नाही."

त्यांना सगळे बाई म्हणत. मी इंग्रजी शिकवायचे त्याच कॉलेजात त्या अर्थशास्त्र शिकवायच्या. पुढे योगायोगाने एकाच इमारतीत घरं घेतली. मी दुसऱ्या मजल्यावर, त्या खाली. इतक्या वर्षांच्या शेजारात आम्ही एकमेकींना कायम "अहो" आणि "आपण" म्हणालो. कचऱ्याचा डबा बाहेर ठेवायलासुद्धा त्या खळ दिलेली सुती साडी नेसून, केस घट्ट बांधून येत. बाईंना झोपलेलं, आजारी किंवा गाऊनमध्ये पाहिलेला माणूस इमारतीत नव्हता. त्यांचा दिवाणखानासुद्धा फार थोड्यांनी पाहिला होता. पाहुण्याला त्या दारातच विचारत, "काम काय आहे?" आणि काम दारात संपण्यासारखं असेल तर दारातच संपवत.

निवृत्तीच्या दिवशी कॉलेजने त्यांना शाल आणि नारळ दिला. उत्तरादाखल त्या दोन मिनिटं बोलल्या. म्हणाल्या, मागणी आणि पुरवठ्याच्या रेषा मी फळ्यावर फार सुंदर काढल्या, हे मला माहीत आहे. त्या रेषा जिथे एकमेकींना छेदतात तिथे कोण उभं असतं, हे सांगायचं राहिलं. आता वेळ आहे, तर बघून येते. आम्हाला वाटलं, या कुठेतरी सहलीला निघाल्या आहेत.

त्या मोर्चांना जाऊ लागल्या. टेकडीवर इमारती नकोत म्हणून मोर्चा असो, कंत्राटी सफाई कामगारांचा असो, मोठ्या दुकानांमुळे धंदा बसलेल्या भाजीवाल्यांचा असो, बाई आपल्या घडीच्या स्टुलासह हजर. एका पिशवीत लिंबाचं सरबत, छत्री आणि स्वतःची पाटी. मोर्चा दहाचा असेल तर दहाला. पुढारी साडेअकराला आले की त्यांना बाजूला घेऊन सांगायच्या, "भांडवलदार वेळेवर येतात. म्हणून ते जिंकतात." घोषणांशीही त्यांचं जमत नसे. "मुर्दाबाद" त्या म्हणत नसत. कुणी मरावं असं त्यांना वाटत नव्हतं, सुधारावं एवढंच वाटत होतं. त्यामुळे सगळे "मुर्दाबाद" ओरडून थांबले की मागून एकटा, करडा आवाज यायचा, "सुधारा." बंदोबस्ताच्या पोलिसांना हसू आवरत नसे. कार्यकर्ते आधी वैतागले, नंतर त्यांच्यासाठी थांबू लागले.

त्यांचा सगळा विचार एका शब्दात मावायचा आणि तो शब्द होता "कुणाला?" एकदा मिक्सर बिघडला म्हणून आम्ही बसने बुधवार पेठेत गेलो होतो. दुकानदाराने मिक्सर उलटा करून पाहिला आणि म्हणाला, "आता याचं काही होत नाही, मॅडम. नवा घ्या, स्वस्त पडेल." बाईंनी विचारलं, "कुणाला?" तो गोंधळला. मग त्याने आतल्या कारागिराला हाक मारली आणि मिक्सर दुरुस्त झाला. अजून चालतो, माझ्याकडे आहे. बँकेतल्या मुलीने सांगितलं, आता सगळं मोबाइलवर, किती सोयीचं. "कुणाला?" नगरसेवकाने सांगितलं, रस्ता रुंद झाला की फायदा होईल. "कुणाला?" चिडून नाही. विद्यार्थ्याला फळ्यावरचा प्रश्न विचारावा तसं, आणि उत्तर येईपर्यंत तिथेच उभं राहून.

पण दुपारच्या झोपेबद्दल त्यांची भूमिका वेगळीच होती. बाहेरगावचे लोक आपल्या पुण्याच्या दुकानदारांना हसतात, हे तुम्ही ऐकलं असेल. एक ते चार दुकान बंद. बाईंचं म्हणणं असं, की या शहराने भांडवलशाहीविरुद्ध केलेली ही सर्वांत यशस्वी चळवळ आहे. गिऱ्हाईक दारात आहे, त्याच्या हातात पैसे आहेत, दुकानात माल आहे आणि दुकानदार म्हणतो, चारनंतर या. का? तर त्याला जेवून आडवं व्हायचं आहे. "पैशाला थांब म्हणणारा माणूस जगात दुर्मिळ झालाय," त्या म्हणायच्या. "आपल्याकडे तो शटर ओढून घोरतो." हे त्या विनोदाने म्हणत नसत. तुम्ही बेल वाजवलीत तेव्हा तुम्ही एका म्हातारीची झोप मोडली नव्हती, एक तत्त्व मोडलं होतं.

आता मुख्य गोष्ट.

काही वर्षांपूर्वी आपल्या गल्लीच्या टोकाला एका कंपनीचं गोदाम आलं. मोबाइलवर बटण दाबायचं, दहा मिनिटांत कोथिंबीर दारात. ती आणून देणारी माणसं आपल्या सोसायटीच्या भिंतीला गाड्या लावून पुढच्या ऑर्डरची वाट बघत उभी राहायची. सकाळी त्या भिंतीची सावली पडते. दुपारी पडत नाही. बाई ते खिडकीतून बघत होत्या. लोक उन्हात उभे आणि आपण पंख्याखाली झोपतो, हे त्यांना टोचू लागलं आणि त्यांनी उपाय काढला. तो अगदी त्यांच्यासारखा होता. दुपारच्या झोपेचा हक्क सर्वांना मिळाला पाहिजे.

लिफ्टमध्ये पाटी लागली: "दुपारी १ ते ४ घरपोच काहीही मागवू नये. भूक लागल्यास स्वयंपाकघर घरातच आहे."

बाईंनी घरोघर जाऊन समजावलं आणि काय सांगू, चळवळ विलक्षण यशस्वी झाली. तिच्यात झोपण्यापलीकडे काही करायचं नव्हतं. शिवाय दुपारी बेल वाजणं थांबलं, त्याचं सुख आम्हा सगळ्यांना. शेजारच्या सोसायट्यांनी पाटीची नक्कल केली. एका वर्तमानपत्राने छोटी बातमी दिली. बाई त्या आठवड्यात, माझ्या आठवणीत प्रथमच, जिन्यात गुणगुणताना दिसल्या.

आणि मग एका दुपारी दोनच्या सुमारास त्यांची बेल वाजली.

मी गॅलरीत दोरीवरचे वाळलेले कपडे काढत होते. बेल ऐकून थबकले. वॉचमन धावत आला तोही फाटकापाशीच थांबला. मी जिना उतरून खाली गेले. दारात एक तिशीची बाई उभी होती, काखेत हेल्मेट, अंगात कंपनीचा टीशर्ट. तिचं नाव रेश्मा, हे नंतर कळलं. खडकवासल्याच्या पुढच्या एका गावातून रोज गाडीवर यायची. आतून बराच वेळ काही हालचाल नाही. मग कडी निघाली आणि बाई बाहेर आल्या. निऱ्या नीट, केस बांधलेले. त्यांनी पाटीकडे बोट दाखवलं.

"वाचलं मी," रेश्मा म्हणाली. "लिफ्टमधलीबी वाचली. ती तुमीच लावली ना?"

बाई हो म्हणाल्या. आणि काहीशा अभिमानानेच विचारलं, की तेव्हापासून दुपारचा आराम मिळतो की नाही?

"कुणाला?" रेश्माने विचारलं.

तिला बाईंचा तो शब्द माहीत असण्याचं कारण नव्हतं. पण मी तिथे होते आणि मी बाईंचा चेहरा पाहिला. समोरून तोच प्रश्न त्यांना कुणी कधी विचारला नव्हता.

रेश्माने सांगितलं ते असं. ऑर्डर आली नाही म्हणून ॲप बंद करता येत नाही. बंद केलं तर आठवड्याला मिळणारी जादाची रक्कम जाते. म्हणजे दुपारी घरी जाता येत नाही, झोपता येत नाही आणि ऑर्डर नाही म्हणून पैसेही नाहीत. आधी निदान जिन्यात, लिफ्टमध्ये सावली तरी मिळायची. आता तीन तास भिंतीला टेकून नुसतं तापायचं. "तुमचं मन चांगलं हाय, मॅडम," ती म्हणाली. "पण आमाला इचारायचं तरी."

बाई आत गेल्या आणि पाण्याचा पेला घेऊन आल्या. रेश्माने मान हलवली.

"पाणी नको. सकाळपास्नं न्हाई पीत मी. प्यायलं तर जायचं कुठं?"

पुरुषांचं कसंही भागतं, ती म्हणाली. गोदामात बायकांसाठी सोय नाही. लोकांच्या घरी विचारायची चोरी, कुणी तक्रार केली तर कामच जातं. दोनदा दवाखाना झाला, डॉक्टर म्हणाले पाणी प्या. तिने हेल्मेट घातलं आणि निघून गेली. बाई पेला हातात धरून उभ्या होत्या. मी काहीतरी बोलायचं म्हणून बोलले. त्यांनी ऐकलं नाही.

चार वाजायच्या आत, म्हणजे स्वतःच्याच वेळेत, बाईंनी लिफ्टमधली पाटी काढली. स्टुलावर उभं राहून दुसरी लावली: "मागील सूचना चुकीची होती. ज्यांच्यासाठी होती त्यांना विचारले नव्हते." खाली पूर्ण नाव आणि सही. शेजारच्या सोसायट्यांतही स्वतः जाऊन लावून आल्या. मुलांनो, मी आयुष्यात पुष्कळ विद्वान माणसं पाहिली आहेत. आपली चूक स्वतःच्या वळणदार अक्षरात, सगळ्यांना दिसेल अशा उंचीवर लावणारी ही एकच.

त्यानंतर त्यांना एकच ध्यास लागला. रेश्माला आणि तिच्यासारख्यांना बसायला जागा आणि जायला जागा. बाकी सगळी भांडवलशाही त्यांनी बाजूला ठेवली. डिलिव्हरीवाल्यांची संघटना निघाली होती. तिच्या मोर्चात त्या स्टूल घेऊन गेल्या. पाटीवर लिहिलं होतं: "पाणी पिता येईल अशी सोय द्या." गोदामाच्या बाहेर ठिय्या दिला तेव्हा कंपनीचा एक अधिकारी खाली आला. अतिशय नम्र. म्हणाला, ही माणसं आमचे कामगार नाहीत, भागीदार आहेत. "कशात?" बाईंनी विचारलं. मग त्याने चष्मा काढला आणि ओळख दिली. तो बाईंचाच विद्यार्थी निघाला. हसून म्हणाला, "मॅडम, मागणी तसा पुरवठा, हे तुम्हीच शिकवलंत."

"हो," बाई म्हणाल्या. "आणि तुला उत्तम गुणही दिले. ते परत घ्यायची सोय विद्यापीठात नाही."

त्याने वर कळवतो असं सांगितलं. वरून काही आलं नाही.

तेव्हा बाईंनी आपल्या सोसायटीच्या वार्षिक सभेत ठराव मांडला. पार्किंगमध्ये वॉचमनच्या खोलीला लागून एक शौचालय आहे. ते डिलिव्हरीच्या लोकांना वापरू द्यावं आणि तिथे एक बाक ठेवावं. मी तेव्हा सचिव होते. ठराव वाचला आणि अनुमोदनही दिलं. खजिनदार उठले. ते वाईट गृहस्थ नव्हेत, पण त्यांना सगळ्यात आधी जोखीम दिसते. म्हणाले, आज एक येईल, उद्या सगळं वारजं येईल. सुरक्षेचं काय? आणि पाणी सोसायटीचं वापरलं जाणार.

"खडकवासल्याचं धरण सोसायटीने बांधल्याचं मला आठवत नाही," बाई म्हणाल्या.

सगळे हसले. पण आपल्याकडे हशा एकाला मिळतो आणि मत दुसऱ्याला. चौथ्या मजल्यावरच्या एका तरुण सूनबाईंनी अगदी मनापासून सांगितलं, "बाई, आय टोटली सपोर्ट यू, पण लहान मुलं खेळतात ना तिथे." हात वर झाले आणि ठराव पडला. बाईंनी वाद घातला नाही. फक्त माझ्याकडे वळून म्हणाल्या, "इतिवृत्तात फेटाळला असंच लिहा. पुढे ढकलला असं सभ्य काही लिहू नका." आणि स्टूल मिटून, सरळ पाठीने घरी गेल्या. दार लावल्याचा आवाज आला.

पुढे काय झालं ते मी आधीच सांगून टाकते, म्हणजे मला जिथे थांबायचं आहे तिथे थांबता येईल. वर्षभराने तोच ठराव मंजूर झाला आणि तो खजिनदारांनी स्वतः मांडला. पार्किंगमध्ये आता बाक आहे, शौचालयाला नवीन कडी आहे. कंपनीने अजूनही काही केलेलं नाही. मोर्चे चालू आहेत, "सुधारा" म्हणणारं मात्र कुणी नाही. बाई गेल्या वर्षी गेल्या. आजार फार लांबला नाही. रेश्मा तिच्या सहकाऱ्यांना घेऊन आली होती, सगळे हेल्मेट हातात धरून फाटकापाशी उभे होते. खजिनदारांचं मन कसं बदललं, हे आता सांगते त्यावरून कळेल; ते त्यांना वर्षभर रोज दुपारी येताजाता दिसत होतं.

सभेच्या दुसऱ्या दिवशीची दुपार. मी जेवून पेपर उघडला होता, तोच वॉचमन धापा टाकत वर आला. त्याचा चेहरा उतरला होता.

"मॅडम, बाईंचं दार सताड उघडं हाय."

मी घड्याळ पाहिलं. एक केव्हाच वाजून गेला होता. तू आत जाऊन बघितलंस का, मी विचारलं. तो म्हणाला, कसं बघू? बेल वाजवायची नाही असं लिहिलंय.

मी जिना उतरले. आमच्या वयात उघड्या दाराचे जे अर्थ मनात येतात ते सगळे दोन मजल्यांत येऊन गेले. दार खरोखरच भिंतीपर्यंत उघडलेलं होतं, बंद होऊ नये म्हणून विटेचा तुकडा लावून. येणाऱ्याजाणाऱ्या कुणालाही सगळा दिवाणखाना दिसत होता. दाराच्या आत चटई, चटईशेजारी माठ, माठाच्या झाकणावर पेला पालथा घातलेला. न्हाणीघराच्या दिशेने खडूने बाण काढलेला. आणि आरामखुर्चीत बाई. केस सुटलेले, चष्मा पोटावर, तोंड किंचित उघडं. बाई घोरत होत्या, चांगल्या दणदणीत. जिना चढताउतरताना सगळ्या इमारतीला ऐकू जावं इतक्या.

मी पुढे पाऊल टाकणार, तेवढ्यात न्हाणीघराचं दार हळूच उघडलं. रेश्मा बाहेर आली, अनवाणी. मला आणि वॉचमनला पाहून तिने ओठांवर बोट ठेवलं. मग बेलखालच्या पाटीकडे बोट दाखवलं. पाटी जुनीच होती. वरची ओळही जुनीच, दुपारी १ ते ४ बेल वाजवू नये. आगीची ओळ मात्र रंगवून बुजवली होती आणि तिच्या जागी, अजून ओल्या असलेल्या अक्षरात लिहिलं होतं: "दार उघडे आहे."

रेश्मा चवड्यांवर चालत माठापाशी आली. झाकणाचा आवाज होऊ नये म्हणून ते तिने हळूच बाजूला सरकवलं. पेला भरला, उभ्याउभ्या सगळा प्यायली. एकदा खुर्चीकडे पाहिलं आणि पुन्हा भरला.